‘ते व्यसनी नाहीत, पण पिऊन गाडी चालवतात’

‘माझे यजमान व्यसनी नाहीत. आठवड्यातून एकदा, शनिवारी, मित्रांबरोबर बसतात. घरात कधी आरडाओरडा नाही, कामाला कधी खाडा नाही. फक्त परत येताना गाडी स्वतःच चालवतात आणि ते दारात येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. सासूबाईंपासून बहिणीपर्यंत सगळ्या म्हणतात, तू नसते विचार करतेस. मी खरोखरच उगाच काळजी करते का?’

अशा प्रश्नाने बोलायला सुरुवात करणाऱ्या पत्नी, आया आणि बहिणी मला समुपदेशनाच्या कामात वारंवार भेटतात. त्यांतील एका कुटुंबाची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून येथे मांडत आहे. या बाई नाशिकच्या एका शाळेत शिक्षिका आहेत, त्यांच्या पतींचा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना आहे आणि मुलगी सहावीत शिकते. मित्रांची बैठक गंगापूर धरणाच्या बाजूला एकाच्या शेतावर बसत असे. वर्षभरापूर्वी नाकाबंदीत हे गृहस्थ सापडले होते. श्वासचाचणीत प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघाले, न्यायालयात दंड भरावा लागला आणि सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवले गेले. घरात मात्र या सगळ्या प्रकाराची वासलात ‘पावती फाडली’ एवढ्या दोन शब्दांत लागली आणि मुदत संपताच शनिवारचा क्रम पूर्ववत सुरू झाला.

पत्नीच्या आग्रहाखातर ते एकदा आले. ‘मला किती झेपते ते मला ठाऊक आहे. पंधरा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही,’ हे त्यांचे पहिले वाक्य होते. ते व्यसनी आहेत की नाहीत, या वादात मी शिरले नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली त्यांच्याकडून भरून घेतली. गुण आले ते अवलंबित्वाच्या नव्हे, धोकादायक मद्यपानाच्या टप्प्यातले. त्यांना हायसे वाटले आणि मी तेथूनच पुढे गेले. ज्याला दारूवाचून राहता येते, त्याला गाडीवाचूनही घरी येता येते. तेव्हा पिऊन गाडी चालवणे ही त्यांची लाचारी नसून प्रत्येक शनिवारी त्यांनी स्वतः केलेली निवड आहे, असे मी त्यांना सांगितले. हे त्यांना आवडले नाही, पण ते उठूनही गेले नाहीत.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. कारखानदार माणसाला आकडे पटतात. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे दर १०० मिलिलिटरमागे अंदाजे १२५ मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल जाऊ शकते आणि यकृत ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या संथ गतीने कमी करते. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पोटात अन्न किती, अंगकाठी कशी, यांवर आकडे थोडे खालीवर होतात. पण रात्री नऊला सुरुवात करून बारा वाजता निघालेला माणूस एका क्वार्टरवरही मर्यादेच्या दुपटीहून अधिक असण्याची शक्यता या हिशेबात स्पष्ट दिसते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ किंवा तोंडात धरलेली वेलची यांपैकी कशानेही यकृताची ही गती वाढत नाही.

‘आणि दीड क्वार्टर झाली तर?’ त्यांनी स्वतःच विचारले. तसा हिशेब केला तेव्हा सकाळी साडेसहालाही आकडा ४५च्या आसपास राहिला. रविवारी सकाळी साडेसहा वाजताच ते मुलीला पोहण्याच्या वर्गाला घेऊन जात असत. झोप झाली, तोंड धुतले, चहा घेतला, म्हणजे रात्रीचे रात्री संपले, असे मानणारे इतके लोक मला भेटतात की हा सकाळचा हिशेब मी आता कोणाशीही बोलताना टाळत नाही.

‘मला माझे भान असते,’ या त्यांच्या वाक्याला उत्तर देणे अधिक कठीण होते. हात थरथरण्याच्या किंवा पाय लटपटण्याच्या पुष्कळ आधी अल्कोहोलमुळे विवेक मंदावतो. ज्या मेंदूने ‘मी आता गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे का’ हे ठरवायचे, तोच मेंदू तोवर त्याच्या अमलाखाली गेलेला असतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय जायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर गाडी आठ मीटर अधिक पुढे गेलेली असते, आणि अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला तेवढे अंतर पुरत नाही. पंधरा वर्षे ओरखडा आला नाही याचे श्रेय ते स्वतःच्या कौशल्याला देत होते. माझ्या मते त्यातला मोठा वाटा समोरून कोणी आले नाही याचा होता.

कायद्याविषयी त्यांची कल्पना फारच अपुरी होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुचाकीस्वारालाही हेच लागू आहे. हा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटत नाही, त्यासाठी न्यायालयात उभे राहावेच लागते, आणि दोष सिद्ध झाल्यावर किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. श्वासचाचणीला नकार देऊन सुटका होते, हाही एक गैरसमज आहे. नकार देणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि सबळ कारण नसेल तर तो नकारच त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळकटी देणारा धरला जाऊ शकतो.

हे झाले कोणाला इजा झाली नसतानाचे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जणांचा जीव गेला. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली होती; मुंबई उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि ॲलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असताना केलेल्या कृत्याला कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. आधी एकदा नाकाबंदीत सापडून शिक्षा भोगलेल्या माणसाला ‘मला धोक्याची जाणीव नव्हती’ असे म्हणणे किती अवघड जाईल, हे मी त्यांच्याकडेच विचाराला सोपवले.

याच चर्चेत बाईंनी सांगितले की गाडी त्यांच्या नावावर आहे. अपघात झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाईच्या दाव्यात गाडीचा मालकही येतो. चालक मद्याच्या अमलाखाली असेल तर विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते आणि जखमीला किंवा मृताच्या वारसांना दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. शिवाय अधिनियमाचे कलम १८८ या गुन्ह्याला साहाय्य करणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगते, म्हणून प्यालेल्या माणसाच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणे ही साधी गोष्ट राहत नाही. ज्या काळजीला घरातले सगळे ‘नसते विचार’ म्हणत होते, तिला कायद्याचा एवढा भक्कम आधार होता. ‘तुम्ही उगाच काळजी करत नाही,’ हे मी त्यांना त्यांच्या पतींच्या समोर सांगितले, कारण ते दोघांनी एकत्र ऐकण्याची गरज होती.

तरीही त्या गृहस्थांना खरा धक्का बसला तो पुढच्या भेटीत. मुलीशी मी आधी स्वतंत्रपणे बोलले होते आणि तिच्या परवानगीने तिचे म्हणणे तिनेच आईवडिलांसमोर मांडावे असे ठरले. सिन्नरच्या लग्नावरून रात्री परतताना ती मागच्या सीटवर जागी होती. ‘मी झोपले तर बाबांशी बोलत कोण राहणार? ते पण झोपतील ना,’ ती म्हणाली. पुढची सगळी गाऱ्हाणी तिच्या आईने मांडली, पण वडिलांचे लक्ष मुलीवरून हलले नाही.

‘कमी पिईन’ हे वचन मी त्यांच्याकडून घेतले नाही, कारण ते पाळले गेले की नाही हे तिसऱ्या पेल्यानंतर कोणालाच ठरवता येत नाही. करार केला तो किल्लीचा. शनिवारी गाडी घरीच राहील; जाणे रिक्षाने, येणे ठरवलेल्या चालकाच्या गाडीने किंवा मुक्काम शेतावरच. रविवारी सकाळी मुलीला पोहायला आई नेईल. रात्री कितीही वाजता ‘मला न्यायला कोणीतरी पाठवा’ असा फोन आला, तर त्या रात्री एकही प्रश्न विचारला जाणार नाही, जे बोलायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी. ही शेवटची अट बाईंना जड गेली. परंतु फोन केल्यावर बोलणी खावी लागतील अशी भीती असलेला माणूस फोन करण्याऐवजी गाडी काढतो, हे त्यांना पटले.

ज्यांचे पती समुपदेशनाला यायलाच तयार नसतात, त्यांनी एकटीने यावे. प्यालेल्या माणसाशी किल्लीवरून झटापट करू नये, विषय दुसऱ्या दिवशी शुद्धीत असताना काढावा, आणि लग्नकार्याला जातानाच परतीची वेगळी सोय करून ठेवावी, म्हणजे मुलांना घेऊन त्या गाडीत बसण्याची वेळ येत नाही. जिवाला धोका वाटला तर ११२ वर फोन करण्यात लाज कसली? पिणे रोजचे असेल, सकाळी हात कापत असतील, तर प्रश्न गाडीपुरता उरलेला नसतो. अशा वेळी दारू घरच्या घरी एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांची देखरेख हवीच. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे.

या कुटुंबात करार एकदा मोडला. पावसाळ्यात, रिक्षा मिळणार नाही या सबबीवर, गाडी शेतावर नेली गेली आणि तेथून चालवत परतही आणली गेली. बाईंनी ठरल्याप्रमाणे त्या रात्री शब्दही काढला नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विषय काढला. गाडीच्या दोन्ही किल्ल्या शुक्रवारीच पत्नीच्या कपाटात ठेवण्याची कल्पना त्यानंतर त्या गृहस्थांनीच मांडली. शनिवारची बैठक अजून चालू आहे. त्यांच्या मित्रांपैकी दोघेही आता त्याच ठरवलेल्या चालकाच्या गाडीतून घरी येतात आणि भाडे तिघे वाटून देतात.