शीट मेटलच्या पेटीत वेल्डिंगचे टॅब कसे काढावेत?

सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये 1.5 मिमी पत्र्याच्या उघड्या पेटीच्या कोपऱ्यांत स्पॉट वेल्डसाठी (इलेक्ट्रोडने दाबून ठिपक्याएवढ्या जागी केलेल्या जोडासाठी) एक्स्ट्रूडने (स्केचला जाडी देऊन) टॅब, म्हणजे जोडणीच्या छोट्या पट्ट्या, जोडल्यावर फ्लॅट पॅटर्न (पेटी उलगडून मिळणारा सपाट आकार) निघत नाही, अशी आपली अडचण आहे. एक्स्ट्रूड केलेला टॅब शेजारच्या भिंतीला टेकला की दोन्ही एकाच बॉडीत विलीन होतात, आणि कोपरा एकदा असा बंद झाला की पत्रा उलगडण्यासाठी मोकळी कडच उरत नाही.

म्हणून टॅब हा एका भिंतीच्या उभ्या कडेवरून वाकवलेला एज फ्लँजच (कडेतूनच निघणारी पट्टी) असावा. सॉलिडवर्क्समध्ये फ्लँज प्रोफाइलचे स्केच बदलून त्याची रुंदी कडेपेक्षा कमी करता येते. टॅबची बाहेरची बाजू आणि शेजारच्या भिंतीची आतली बाजू यांच्यात 0.1 ते 0.2 मिमी फट ठेवावी; वेल्डिंगच्या वेळी इलेक्ट्रोडच्या दाबाने ती मिटते. टॅबचे खालचे टोक तळाच्या बेंडच्या आतल्या त्रिज्येच्या वर थांबले पाहिजे, नाहीतर टॅब शेजारच्या भिंतीच्या वळणावर अडकेल. हा तपशील स्क्रीनवर सहज नजरेतून सुटतो.

टॅबची लांबी ठरवताना वेल्ड आणि प्रेस ब्रेक (पत्रा वाकवण्याचे यंत्र) या दोहोंचा विचार करावा लागतो. स्पॉट वेल्डच्या गाभ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये साधारणपणे जाडीच्या वर्गमुळाच्या चार ते पाच पट धरतात, म्हणजे येथे सुमारे 5 ते 6 मिमी. त्याभोवती काठापर्यंत पुरेसा पत्रा उरला पाहिजे आणि इलेक्ट्रोडला जागाही मिळाली पाहिजे. दुसरीकडे, 12 मिमी तोंडाच्या व्ही-डायवर (ज्याच्या खाचेत पत्रा दाबून वाकवतात त्या साच्यावर) सुमारे 8.5 मिमीपेक्षा आखूड फ्लँज नीट टेकत नाही. त्यामुळे मी 14 ते 16 मिमीपासून सुरुवात करण्याचे सुचवेन.

टॅब कोणत्या भिंतींना द्यायचे, हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या भिंती शेवटी वाकवायच्या त्यांनाच टॅब द्यावेत; कारण टॅब असलेल्या भिंती आधी उभ्या केल्या, तर त्यांचे टॅब दुसऱ्या जोडीच्या बेंड रेषेच्या अगदी वर येऊन पंचाची (पत्रा वरून दाबणाऱ्या अवजाराची) वाट अडवतात. टॅबच्या दोन्ही टोकांना रिलीफ (वाकताना पत्रा फाटू नये म्हणून छोटी खाच) द्यावा, आणि प्रत्येक बदलानंतर फ्लॅट पॅटर्न उघडून पाहावा, कारण कापणीसाठी जाणारा आकार तोच असतो.