सपाट ग्रिडलवर उघड्यावर स्वयंपाक करताना भाज्यांना पाणी का सुटतं आणि अंडी का करपतात?

तुम्ही म्हणता की गॅसवरचा मोठा सपाट तवा बाहेर मांडला, सगळे बर्नर मोठे ठेवले, आणि तरी भाज्या पाण्यात शिजल्या, चिकन पांढरंफटक राहिलं, अंडी मात्र खालून करपली. तव्यात खोट नसावी. मी नेहमी अशाच तव्यावर पूर्ण जेवण करतो, आणि माझ्या मते या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: तव्यात किती उष्णता साठली आहे, ती कुठे आहे आणि पदार्थ ती किती वेगाने ओढून घेतो, याकडे लक्ष गेलेलं नाही.

आधी पाण्याचं बघू. पदार्थाला खरपूस रंग आणि वास येतो तो त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर गेला की. पण त्यावर पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या आसपासच अडकून बसतो. आणि पाण्याची वाफ करायला उष्णता भयंकर लागते. १०० ग्रॅम गार पाणी उकळीला आणून त्याची पूर्ण वाफ करायची, तर १० किलोचा पोलादी तवा जवळपास ५० अंशांनी थंड होताना जेवढी उष्णता देईल तेवढी खर्च होते. मश्रूममध्ये वजनाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे किलोभर मश्रूम एकदम ओतले की खालचे बर्नर कितीही मोठे असोत, तवा बसलाच.

म्हणून घाण्याघाण्याने करा. तव्याचा निम्मा भाग मोकळा दिसला पाहिजे. तुकड्यांमध्ये बोटभर जागा राहिली की वाफ बाजूने निघून जाते, नाहीतर ती शेजारच्या तुकड्याखालीच कोंडते. धुतलेल्या भाज्या फडक्यावर पसरून कोरड्या करा, चिकन आणि मासे टिपून घ्या. भाज्यांना मीठ रंग आल्यावरच घाला, कारण मीठ लागलं की त्या पाणी सोडतात. आणि सारखं हलवू नका! तुकडा तव्याला टेकून राहिला तरच त्याला रंग येतो, आणि रंग आला की तो बहुतेक वेळा आपणहून सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर अजून थांबा.

आता अंडी का करपली? पोलाद उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियमच्या मानाने बरंच मंद आहे. त्यामुळे बर्नरच्या बरोबर वरचा भाग भडकतो आणि दोन बर्नरमधली जागा मागे राहते. मोठ्या आचेवर घाईने तापवलं तर हा फरक आणखी वाढतो. मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. मग एक बाजू मोठी, एक मध्यम आणि एक अगदी मंद ठेवा. सपाट तव्याची सगळी गंमत या तीन पट्ट्यांत आहे, सगळीकडे सारखी आच ठेवून ती वाया घालवू नये. अंड्यांना मला १५० अंशांच्या आसपासची बाजू आवडते, कांदा, बटाटा आणि चिकनला २०० ते २२०. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काळ्या, मुरलेल्या तव्यावर तो चांगलं काम देतो, चकचकीत नव्या धातूवर मात्र चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो. तो नसेल तर पाण्याचे चार थेंब टाका. नुसते चरचरून आटले तर अजून वेळ आहे, मण्यासारखे पळू लागले तर तवा चांगलाच तापला आहे. थेंबाखाली वाफेचा थर तयार होऊन तो तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली याचं वर्णन केलं होतं.

उघड्यावर यात वारा भर घालतो. तो तव्याखालची गरम हवा ओढून नेतो, ज्योत एका बाजूला झुकवतो, आणि काल जी बाजू तापट होती ती आज गार लागते. वारा थेट बर्नरकडे घुसणार नाही असा तवा वळवा किंवा आडोसा करा. मात्र आडोशाने सिलिंडर आणि तवा एकत्र कोंडू नका. थंडीत ज्योत बारीक झाली तर गॅसच्या मिश्रणाकडे बघा: ब्युटेन शून्याच्या किंचित खाली द्रवच राहतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो.

पूर्ण जेवणाचा क्रम मी असा लावतो. उकडलेले बटाटे सगळ्यात आधी, कारण त्यांना वेळ लागतो आणि मंद बाजूला सरकवले तरी बिघडत नाहीत. मग कांदा आणि बाकी भाज्या, मग चिकन, शेवटी अंडी. चिकनवर खोलगट झाकण ठेवून कडेला चमचाभर पाणी सोडलं की वाफेने आतपर्यंत शिजतं, पण हे दोन्ही बाजूंना रंग आल्यावरच. आत ७४ अंश झाले की उतरवा. कच्च्या मांसाचं उलथणं वेगळं ठेवा. लोणी शेवटी घाला, त्यातला दुधाचा अंश १५० अंशांच्या आसपास जळू लागतो. परतायला रिफाइंड तेल बरं.

चिकटण्याचं म्हणाल तर नवा तवा तेलाचे अगदी पातळ हात देऊन, प्रत्येक वेळी धूर थांबेपर्यंत तापवून मुरवावा लागतो. जाड थर दिला तर तो चिकट राहतो. स्वयंपाक झाल्यावर तवा गरम असतानाच खरवडा, थोडं कोमट पाणी टाकून पुसा, कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवा. कडकडीत तव्यावर बर्फगार पाणी ओतू नका, पत्रा वाकतो आणि बीड तडकू शकतं.

तेल साठणारं भांडं दर वेळी रिकामं करा. त्यातलं तेल पेटलं तर पाणी मारू नका, गॅस बंद करून झाकण टाका. नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहत जा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. पाऊस आला तरी हा तवा तंबूत किंवा बंद जागेत नेऊन पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.