व्हिडिओ पाहून बाळाची गोवराची लस पुढे ढकलावी का?

तुम्ही लिहिलंय की दोन आठवडे लशीच्या दुष्परिणामांचे व्हिडिओ बघताय, गोवराच्या डोसची तारीख जवळ आलीय आणि "थोडं थांबू या" असं मनात येतंय. मीही तशीच थांबले होते, म्हणून लिहितेय.

मुलीला रात्री दूध पाजताना मी एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. एक आई रडत सांगत होती, लशीनंतर माझा मुलगा बोलायचा थांबला. दुसऱ्या दिवशी तसेच आणखी तीन समोर आले आणि आठवड्याभरात मोबाइल उघडला की तेच. आपण जिथे रेंगाळतो तेच ही अ‍ॅप्स पुन्हा पुन्हा दाखवतात, हे माहीत असूनही मला वाटत राहिलं की एवढे आईबाप खोटं का बोलतील?

ते खोटं बोलत नसतातच. स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणं बहुतेकदा दुसऱ्या वर्षात घरच्यांच्या लक्षात येतात आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची लसही साधारण त्याच सुमाराला असते. पाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टी आईच्या मनात जोडल्या जाणारच. खरा संबंध आहे का हे कळायला लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं ताडून पाहावी लागतात. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांच्या नोंदी अशा तपासल्या गेल्या. 2019 साली निष्कर्ष आला: लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचं प्रमाण जास्त नाही. ही भीती ज्या 1998 च्या लेखामुळे पसरली, त्यात अवघी 12 मुलं होती. तो छापणाऱ्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये तो मागे घेतला.

मला सगळ्यात हलवून गेलं ते सामोआ या पॅसिफिक महासागरातल्या छोट्या बेटांच्या देशाचं. 2018 मध्ये तिथे लशीनंतर दोन बाळं दगावली. चूक लशीची नव्हती, लशीच्या भुकटीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं होतं. पण लसीकरण काही महिने थांबलं, भीती पसरली, लसविरोधी मजकुराने ती वाढवली. 2019 च्या शेवटी गोवराची साथ आली आणि जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात 83 माणसं गेली, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची. गोवर न झालेल्या मुलाचा व्हिडिओ कोणी टाकत नाही हो. त्यामुळे लशीने काय टळलं ते आपल्याला दिसतच नाही.

मी तीन आठवडे घालवले. मग बालरोगतज्ज्ञांना भीतभीतच सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आठवड्याभराने ताप किंवा पुरळ येऊ शकतं, तीन-चार हजारांत एखाद्या बाळाला तापाचे झटके येऊ शकतात आणि ते बहुधा मागे काही न ठेवता जातात, हे त्यांनी न लपवता सांगितलं. गोवरात मात्र साधारण वीसातल्या एका मुलाला न्यूमोनिया होतो. "काही होत नाही हो" म्हणून मला उडवून लावलं असतं, तर मी पुन्हा मोबाइलकडेच वळले असते.

म्हणून तारीख पुढे ढकलू नका. तारखेच्या दोन दिवस आधी डॉक्टरांना फोन करा, तुमच्या शंका एकेक करून विचारा. बाळाला आधी कशाची तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर आवर्जून सांगा, कारण थांबायचं खरं कारण असलंच तर ते तिथे निघेल. आणि काही उत्तर समाधानकारक वाटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, त्यात संकोच कसला?