रिगोलेत्तोची छापील संहिता आणि रेकॉर्डिंग जुळत नाही, त्याबद्दल

तुम्ही विचारलंत की व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो' या ऑपेराच्या तिसऱ्या अंकात तुमच्याकडच्या जुन्या संहितेत ड्यूक 'खोली आणि वाइन' मागतो, गायक मात्र भलतंच गातो, आणि मूळ प्रतीसाठी इटलीला केलेल्या मेलला उत्तर नाही. दोन्ही दुखणी भोगून झाली आहेत, म्हणून लिहितो.

तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. व्हेर्दीच्या हस्तलिखितात ड्यूक मारेकऱ्याकडे थेट त्याची बहीण आणि वाइन मागतो. सेन्सॉरपायी बहिणीची खोली झाली. १९८३च्या चिकित्सक (हस्तलिखिताशी ताडून केलेल्या) आवृत्तीत मूळ शब्द परत आले.

हा दोष संहिता लिहिणाऱ्या पियावेच्या माथी मारू नका. व्हेर्दीचा सांगकाम्या म्हणून त्याला हिणवायची फॅशनच आहे, मला ती पटत नाही. डिसेंबर १८५०मध्ये व्हेनिसच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी संहितेवर बंदी घातली, तेव्हा व्हेर्दी दूर बुसेतो गावी होता. व्हेनिसमध्ये राहून त्या अधिकाऱ्यांना तोंड द्यायचं होतं पियावेला. त्याने केलेली मवाळ आवृत्ती व्हेर्दीने झिडकारली. अखेर संहितेतल्या फ्रान्सच्या राजाचा मांतुआचा ड्यूक केला, तेव्हा कुठे ११ मार्च १८५१ला व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात प्रयोग झाला.

आता मूळ संहितेच्या प्रतीबद्दल. एका संस्थेने (नाव घेत नाही) माझ्याकडून पैसे आगाऊ घेतले, इटालियन फॉर्म पुन्हा पुन्हा भरून घेतला आणि कित्येक महिन्यांनी पाठवलं काय, तर 'विस्कार्देल्लो'! पोपच्या राज्यात हाच ऑपेरा काटछाट करून या नावाने दाखवत. तक्रार केली तर म्हणे, आमच्या सूचीत दोन्ही एकच. पैसे गेले, व्याख्यानाची तारीखही गेली. सूची करणाऱ्याने निदान मुखपृष्ठ तरी उघडून पाहावं की नाही?

म्हणून ऑपेराच्या नुसत्या नावावर काही मागवू नका. शहर, नाट्यगृह आणि १८५०-५१चा कार्निव्हल (हिवाळी) हंगाम, तिन्ही लिहा. आधी मुखपृष्ठाचा फोटो मागा, पैसे नंतर. अर्थात हा माझा अनुभव, सगळीकडे असंच असेल असं नाही. चूभूद्याघ्या.

अवांतर: जुन्या छापील संहितांत काही ओळींच्या सुरुवातीलाच अवतरणचिन्हं दिसतील. त्या कोणाचं उद्धृत नसतात. कवीच्या मजकुरातल्या, पण प्रयोगात गाळलेल्या ओळी अशा छापत. रेकॉर्डिंगमध्ये त्या शोधत बसू नका.