पाणी चार दिवसांनी, लंगोट दर दोन तासांनी

प्रश्न : माझा मुलगा चार महिन्यांचा आहे. बाजारच्या डायपरने त्याला चट्टे उठतात, म्हणून यांनी ऑनलाइन सहा कापडी डायपर मागवले. खिशात पॅड घालायचे असतात, तसले. एकदा धुऊन वापरायला काढले, तर तासाभरात गळतात, झबलंही ओलं होतं. सासूबाई म्हणतात, जुन्या धोतराचे लंगोट काय वाईट होते? त्यात आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, एरवी बोअर. दोन महिन्यांनी मी कामावर जाणार, मग बाळ सासूबाईंकडे असेल. हा नाद सोडून द्यावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सोडू नकोस गं. पण आणखी सहा मागवूही नकोस. तुझे डायपर खराब नाहीत, ते अजून तयार झालेले नाहीत.

माझे यजमान अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते, त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक. कोऱ्या टॉवेलने अंग पुसून बघ. पाणी टिपलं जात नाही, नुसतं इकडून तिकडे सरकतं. विणण्याआधी ताण्याच्या म्हणजे उभ्या सुताला लावलेली खळ असते, कापसाचा स्वतःचा मेणचट अंश असतो, तो गेल्याशिवाय कापूस पाणी पीत नाही. तुझ्या पॅडचंही तेच. सुती किंवा बांबूचे असतील तर गरम पाण्यात साबण घालून धुवायचे, वाळवायचे, परत धुवायचे, असं चार-पाच वेळा कर. मग पॅडवर चमचाभर पाणी टाक. थेंब वर गोल राहिला तर अजून एक धुणं. लगेच आत गेला की बाळाला घालायला हरकत नाही. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्य मात्र यांना कधीच लावू नकोस. त्याचा थर सुतावर बसतो आणि पुन्हा पाणी सरकायला लागतं.

तरीही गळलं तर मांडीपाशी बघ. पॅडची कड इलॅस्टिकच्या बाहेर जराशी जरी डोकावत असेल, तरी तिथूनच ओल झबल्यावर चढते. बोट फिरवून ती आत सार. मुलगा आहे, म्हणून पॅड पुढच्या बाजूला दुमडून जाड कर, ओल तिथेच येते. मुलगी असती तर मधे जाड करायला सांगितलं असतं. आणि बटणं अशी लाव की मांडीवर लाल वळ राहणार नाही.

आता खर्चाचं. पॅड विकत आणण्याची गरज मला वाटत नाही. आपण सोलापुरात राहतो. इथल्या टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे, आणि टेरीत दोन्ही अंगांना सुताचे फास उभे असतात, म्हणून तेवढ्याच कापडात ओल जास्त मावते. घरातला वापरून मऊ झालेला टॉवेल काप, कडा शिवून घे, तीन पदरी घडी घालून खिशात सरकव. घडी उलगडते, म्हणून धुताना आतपर्यंत साबण पोचतो आणि वाळतेही पटकन. तुझ्या सासूबाईंचं धोतरही याच कारणाने गुणाचं. शिवून जाड केलेला पॅड पावसाळ्यात आतून दमट राहतो आणि कुबट वास धरतो. उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर हा प्रश्नच नाही. पारा बेचाळीसवर गेला की टॉवेल बघता बघता खडखडीत वाळतो, पिवळे डागही उन्हानेच उडतात. फक्त वरचं कव्हर सावलीत वाळत घाल. त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो कडक उन्हाने आणि उकळत्या पाण्याने तडकतो.

पाण्याचं तू लिहिलंस ते सगळ्यात महत्त्वाचं. लंगोट बादलीत भिजत घालून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती मोड. त्यात पाणीही जातं आणि वासही वाढतो. ओला लंगोट लगेच तांब्याभर पाण्याने खळबळून पीळ आणि जाळीच्या टोपलीत टाक. शी असेल तर आधी संडासात झाड. अजून नुसतं दूध आहे तोवर ती पाण्याने निघून जाते, वरचं अन्न सुरू झालं की खरवडावी लागेल. मग रोज एकदाच धुवायचं. बोअरच्या जड पाण्यात साबण फेसत नाही आणि त्याचा साका कापडातच बसतो. बाळाला टोचतो तो हाच. धुताना चमचाभर धुण्याचा सोडा घाल, पण शेवटचं खळबळणं नळाच्या साठवलेल्या पाण्यानेच कर. ते पाणी ओतून देऊ नकोस, उद्याच्या पहिल्या खळबळण्याला होतं. इतकं केलंस तर रोजच्या दोन-तीन बादल्यांत भागेल. ज्या दिवशी हौदात तेवढंही नसेल, त्या दिवशी बाजारचा डायपर वापर आणि मनाला लावून घेऊ नकोस.

रात्रीचंही तसंच. तुझी झोप मोडून कापड जपण्यात काही अर्थ नाही. फक्त तो डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा दे. घनकचऱ्याच्या नियमांतही तो नीट गुंडाळून द्यायला सांगितलं आहे. झाडणारे हातही कुणाच्या आईचेच असतात.

चट्ट्यांबद्दल. मी बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली आहे, तिथे एकच गोष्ट सांगत असू : ओल काढा, हवा लागू द्या. कापडी असो की बाजारचा, दोन-तीन तासांच्या वर ठेवू नकोस. दुपारी उकाड्यात कव्हर काढून नुसत्या लंगोटावर खेळू दे. पावडर नको, तिची भुकटी श्वासातून छातीत जाते. मलम लावलंस तर वर जुन्या साडीचा मऊ तुकडा ठेव, नाहीतर मलमाचा चिकटपणा पॅडमध्ये बसतो. चट्टे जांघेच्या घडीत लालभडक असतील आणि आजूबाजूला बारीक पुटकुळ्या दिसत असतील, तर ती बुरशी असू शकते. मग घरचे उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखव.

आणि सासूबाईंना आत्तापासूनच बरोबर घे. बाळ दिवसभर त्यांच्याकडे राहणार, तर बटणं लावायला सोपी कोणती हे त्यांनीच ठरवावं. लंगोट बांधायचा असेल तर त्यांचा हात तुझ्यापेक्षा सराईत आहे. त्यावर कव्हर चढवलं की झालं, दोघींचंही साधलं.

प्रश्न : जाड कापडी डायपरने नातवाचे पाय फेंगडे होतील का? तो सात महिन्यांचा आहे.
– एक आजी, साखर पेठ

उत्तर : नाही होत, आजी. बाळाचे पाय जन्मतःच थोडे बाहेर वळलेले असतात, पोटात दुमडून बसलेलं असतं ना ते. चालायला लागल्यावर साधारण दोन वर्षांपर्यंत सरळ होत जातात. मांड्या फाकलेल्या राहणं खुब्याला चांगलंच. उलट पाय ओढून सरळ करून दुपट्यात घट्ट आवळणं खुब्याला वाईट, तेवढं टाळा. दोन वर्षांनंतरही बाक तसाच राहिला, किंवा एकच पाय वाकडा दिसला, तर डॉक्टरांकडे न्या.