लिंकनला नवीन आलायस ना, मग हे वाच

भावा, नेब्रास्काला एमएस करायला आलायस म्हणजे शनिवारी युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमसाठी लाल टीशर्ट घालावाच लागणार, त्यातून सुटका नाही, पण आधी एक सांगतो, इथल्या म्हाताऱ्यांसमोर ९० च्या दशकाचा विषय काढू नको, काढलास तर तासभर गेला समज. १९९४, ९५ आणि ९७, चार वर्षांत तीन नॅशनल टायटल, टॉम ऑस्बोर्न कोच होता तेव्हा. ते डोक्यात इतकं पक्कं बसलंय की २००३ मध्ये सीझनला ९ मॅच जिंकलेल्या कोच सोलिचला काढलं, मग कोच पेलिनीलाही, एकाही वर्षी नऊ विजयांच्या खाली गेला नाही तरी, २०१४ ला घरी पाठवलं. आता नऊ विजय दिले तर मिरवणूक काढतील हेच लोक!

स्कॉट फ्रॉस्ट तर घरचा पोरगा, ९७ चा क्वार्टरबॅक (टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू), नंतर तोच कोच झाला, त्याच्याकडून काय काय आशा होत्या. २०२१ ला ३-९, म्हणजे तीन विजय आणि नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा कमी पॉइंट्सनी. माझ्या शेजारच्या सीटवरचे काका चौथ्या क्वार्टरला रेडिओचे इयरफोन काढून खिशात ठेवतात, म्हणतात आता पुढचं मला माहितीये.

तरी १९६२ पासून स्टेडियम हाऊसफुल्ल. तिकीट रिसेलला घे, शेवटच्या दिवशी स्वस्त पडतं बऱ्याचदा, आणि जाताना रन्झा (खिमा-कोबी भरलेला इथला पाव) खा, गरम असतानाच. हरल्यावर पार्किंगमध्ये कुणाला 'इट्स जस्ट अ गेम' म्हणू नको बाबा, मी एकदा म्हणालो होतो.