टूर द फ्रान्स बघताना नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा आहे : तीन आठवडे रोज चार-पाच तास माणसं नुसती सायकल चालवतात, त्यात टूर द फ्रान्सचे चाहते बघतात तरी काय, आणि नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

पुढे कोण आहे एवढंच बघाल तर कंटाळाल. आज कोणाला काय हवंय हे बघायला लागलात की टीव्हीसमोरून उठवणार नाही. मी ही शर्यत मनापासून बघतो ती याच एका कारणासाठी.

रस्त्यावर पावणेदोनशे ते एकशे ऐंशीच्या आसपास सायकलपटू असतात, आठ-आठ जणांचे बावीस-तेवीस संघ. रोजची शर्यत म्हणजे एक टप्पा. एकवीस टप्प्यांच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वात कमी, तो जिंकला आणि पिवळी जर्सी त्याची. मधल्या दिवसांत ती त्या-त्या दिवसापर्यंतच्या बेरजेत पुढे असलेल्याच्या अंगावर असते. पण खरोखर त्या जर्सीची आशा धरून आलेले जेमतेम चार-पाच. बाकी सगळे तिथे कशाला आलेत? कोणाला एक टप्पा जिंकायचाय. कोणी सपाट रस्त्यावरच्या शेवटच्या धावेत तरबेज आहे, त्याला हिरवी जर्सी हवी. कोणी घाटमाथ्यांवरचे गुण गोळा करून लाल ठिपक्यांची जर्सी मिळवू पाहतोय. पंचविशीपर्यंतच्यांसाठी पांढरी जर्सी वेगळी. आणि बरेच जण स्वतःसाठी काहीच मागत नाहीत. संघाच्या गाडीपाशी मागे जायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या, पुन्हा पुढे येऊन आपल्या म्होरक्याला द्यायच्या आणि त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, हे त्यांचं काम.

२०२४ चा पहिला टप्पा घ्या. २९ जून, फ्लॉरेन्स ते रिमिनी, २०६ किलोमीटर. टूरची सुरुवात इटलीत होण्याची ती पहिलीच वेळ. कडक ऊन आणि अपेनाइन डोंगरांतले सात घाट. रोमां बार्दे हा फ्रेंच सायकलपटू आपली शेवटची टूर खेळत होता. २०१६ मध्ये तो एकूण दुसरा आला होता, २०१७ मध्ये तिसरा, पण पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एकही दिवस आली नव्हती. त्याच्या संघातला फ्रँक व्हान डेन ब्रुक हा कोवळा डच मुलगा सकाळपासून आघाडीच्या तुकडीत होता. त्याची ही पहिलीच टूर. सुमारे पन्नास किलोमीटर उरले असताना बार्दे मागच्या मोठ्या घोळक्यातून सुटला आणि पुढे जाऊन या मुलाला मिळाला. मग दोघे मिळून पळाले, मागून अख्खा घोळका चवताळून येतोय. पाच सेकंदांनी वाचले. शेवटच्या रेषेवर व्हान डेन ब्रुकने बार्देला पुढे जाऊ दिलं, आणि शेवटच्या टूरमध्ये त्याला पहिल्यांदा पिवळी जर्सी मिळाली.

ही झाली पुढची गोष्ट. त्याच दिवशी सगळ्यांत मागे दुसरी गोष्ट चालू होती, आणि मला ती जास्त प्रिय आहे. मार्क कॅव्हेंडिश, शेवटच्या धावेत तरबेज असलेला ब्रिटिश सायकलपटू, वय ३९, पहिल्याच घाटात मागे पडला, उन्हाने ओकाऱ्या काढत होता. टूरचे ३४ टप्पे त्याने जिंकले होते, जुन्या काळचा बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्सच्या विक्रमाइतकेच. आदल्या वर्षी खांद्याचं हाड मोडून तो बाहेर पडला होता आणि पस्तिसाव्या टप्प्यासाठी निवृत्ती पुढे ढकलून परतला होता. टूरमध्ये नियम असा की, विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त उशीर झाला तर तुम्ही घरी. म्हणजे डोंगरातल्या प्रत्येक टप्प्यात मागची माणसंही शर्यतच करत असतात, घड्याळाशी. कॅव्हेंडिशचे सहकारी त्याच्यासाठी थांबले, त्याच्यासोबत प्रत्येक घाट चढले आणि वेळेच्या आत त्याला रिमिनीला घेऊन आले. ३ जुलैला, पाचव्या टप्प्यात, सेंट व्हुल्बास या गावी त्याने शेवटची धाव जिंकली. पस्तीस! तो विजय त्या उन्हात मागे थांबलेल्यांचाही होता, पण निकालाच्या तक्त्यात ते दिसणार नाही. रोज बघणाऱ्यालाच ते कळतं.

आता वाऱ्याबद्दल, कारण ते समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. दुसऱ्याच्या मागे आडोशाला सायकल चालवली की श्रम एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त वाचतात. सगळं डावपेचांचं राजकारण इथून सुरू होतं. सकाळी चार-सहा जण सुटून पुढे जातात तेव्हा घोळका त्यांना जाऊ देतो, कारण नंतर आळीपाळीने वारा कापत त्यांना गाठता येतं. दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून निघतं, असा जुना ठोकताळा आहे. पडद्यावर कोपऱ्यात अंतर दिसत असतं. तीस किलोमीटर उरलेत आणि पुढच्यांकडे चार मिनिटं आहेत, तर आज घोळक्याने हिशेब चुकवला असं समजा आणि सावरून बसा. उभ्या चढावर मात्र वेग कमी, म्हणून आडोशाचा फायदाही कमी. तिथे ज्याचे पाय त्याचेच, आणि टूरचा निकाल बहुधा तिथेच लागतो.

बहुधा म्हणतोय, कारण सपाट रस्त्यावर आडवा वारा सुटला की घोळक्याचे तुकडे होतात आणि मागच्या तुकडीत सापडलेला कितीही दमदार असो, मिनिटं गमावतो. २०२० मध्ये लाव्होरच्या टप्प्यात तादेय पोगाचारचे असेच १ मिनिट २१ सेकंद गेले. शेवटून दुसऱ्या दिवशी, एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या टप्प्याआधी, तो प्रिमोझ रोग्लिचच्या ५७ सेकंद मागे होता. संध्याकाळी तो ५९ सेकंद पुढे होता. दोघेही स्लोव्हेनियाचे. वयाच्या एकविसाव्या वर्षी पोगाचारने ती टूर जिंकली.

एकच टप्पा जुन्या चित्रफितींतून बघायचा असेल तर २०२२ चा अकरावा बघा. पोगाचार पिवळ्या जर्सीत होता आणि अजिंक्य वाटत होता. समोर एकाच संघातले दोघे, योनास विंगेगो आणि रोग्लिच. रोग्लिच आधीच पडला होता, खांदा निखळला होता, जिंकण्याची शक्यता संपली होती. पण हे पोगाचारला धरून चालता येत नव्हतं. गालिबिएच्या घाटात दोघांनी आळीपाळीने झेप घ्यायला सुरुवात केली. एक सुटला की पोगाचार त्याला गाठणार, श्वास घेतो न घेतो तोच दुसरा सुटणार. प्रत्येक वेळी तो स्वतः उत्तर देत राहिला. शेवटी ग्रानोंचा घाट आला, ११ किलोमीटरांचा, सरासरी नऊ टक्के चढाचा, आणि तिथे त्याचे पाय संपले. विंगेगो एकटा निघून गेला. पोगाचारचे २ मिनिटं ५१ सेकंद गेले, पिवळी जर्सी गेली आणि ती टूरही गेली. शेवटच्या पाच किलोमीटरांत जे घडलं त्याची पेरणी तासाभरापूर्वी दुसऱ्याच डोंगरावर झाली होती. म्हणून डोंगरातला टप्पा शेवटचा अर्धा तास बघून भागत नाही, तो पूर्ण बघावा लागतो. सपाट टप्प्याला शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर पुरतात, असं माझं मत. टप्पा बहुतेक वेळा आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतो, त्यामुळे नोकरी करूनही जमतं.

सुरुवात कुठून करावी? माझा सल्ला थोडा वेगळा आहे : महिलांच्या टूरपासून. ती सध्याच्या रूपात २०२२ पासून होते, आठ-नऊ दिवसांत संपते आणि शेवटपर्यंत झुलत राहते. २०२४ मध्ये डेमी फोलरिंग पाचव्या टप्प्यात पडली आणि पावणेदोन मिनिटांहून जास्त गमावून बसली. शेवटच्या दिवशी ती आघाडीवर असलेल्या कासिया नेविआदोमाच्या सव्वा मिनिट मागे होती. तिने आल्प दुएझचा तो एकवीस वळणांचा घाट जिंकला, आणि तरी एकूण चार सेकंदांनी हरली. आठवडाभर सायकल चालवून चार सेकंद! टप्प्यात पहिल्या तिघींना एकूण वेळेतून दहा, सहा आणि चार सेकंदांची सूट मिळते, म्हणजे एखाद्या दिवशी दुसऱ्याऐवजी तिसरं येण्याची किंमतसुद्धा किती, हे त्या दिवशी कळलं.

औषधं घेऊन फसवणूक करण्याचा इतिहास या खेळाला आहे. लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली. थक्क करणारी कामगिरी दिसली की शंका मनात येते, आणि ती येऊ द्यावी. पण बाटल्या वाहणाऱ्या माणसावरचं प्रेम त्याने कमी होत नाही.

आता यासाठी फ्रान्सकडेच बघायला हवं असंही नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, म्हणजे ठिपक्यांच्या जर्सीची कल्पना आपल्याला नवी नाही. आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय दर्जाची, अनेक टप्प्यांची, ४३७ किलोमीटरांची, मुळशी-मावळ, भोर, पुरंदर, बारामतीच्या रस्त्यांवरून. रस्त्याकडेला उभं राहाल तर सपाटीला थांबू नका. घोळका काही सेकंदांत निघून जातो, चेहरे दिसतच नाहीत. चढावर, शक्यतो माथ्याच्या जरा खाली उभे राहा. पुढचे दिसतील, मग विखुरलेले दिसतील, मग मागे एकमेकांना धरून येणारी तुकडी. ती जाईपर्यंत जागा सोडू नका, आणि शेवटच्या माणसासाठीही टाळ्या वाजवा. त्याला ऐकू जातात.